गदा कुणाला, डबा कुणाला?

नवरात्र उठले की आमच्या सीमाभागात एक हंगाम संपतो. नऊ दिवस नऊ कर्तबगार स्त्रियांना व्यासपीठावर बसवायचे, शाल-श्रीफळ द्यायचे, ‘नवदुर्गा’ म्हणायचे आणि दहाव्या दिवशी मंडपाचे बांबू उतरवायचे. या समारंभांत एक प्रमुख वक्ता असतो. बहुधा पुरुष. तो जिजाऊंपासून सुरुवात करतो, ताराराणी, अहिल्याबाई, झाशीची राणी करीत कित्तूरच्या चन्नम्माशी येतो, कारण समोर निम्मे श्रोते कन्नड असतात, आणि मग ठरलेले वाक्य टाकतो : ‘‘आपल्या संस्कृतीला स्त्रीच्या सामर्थ्याचे वावडे कधीच नव्हते.’’ टाळ्या होतात. माझे भांडण या वाक्याशी आहे, आणि खरे सांगायचे तर त्या टाळ्यांशी जास्त आहे.

मी बेळगाव तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत २९ वर्षे खेळ शिकवला. कबड्डी, खो-खो, गोळाफेक आणि शेवटची काही वर्षे कुस्ती. तेव्हा हे सामर्थ्य प्रत्यक्षात कुणाला पचते आणि कुणाच्या घशात अडकते, हे मी व्यासपीठावरून नव्हे, मैदानाच्या कडेला उभी राहून पाहिले आहे. माझे म्हणणे एवढेच की, बलवान बाई आपल्याला चालते, पण अटींवर चालते. ती मेलेली असावी, म्हणजे पुतळा उभारता येतो. किंवा तिच्यावर घोर अन्याय झालेला असावा, म्हणजे तिने हात उचलला तरी आपल्याला हळहळता येते. किंवा तिने देशासाठी पदक आणावे, म्हणजे श्रेय आपल्याला घेता येते. पण एखादी बाई केवळ तिला आवडते म्हणून, तिचा तो धंदा आहे म्हणून, अंगात रग आहे म्हणून फडात उतरली की संस्कृतीला लागलीच खोकला येतो.

हे मी हवेतले बोलत नाही. हमीदा बानूचे उदाहरण घ्या.

ही बाई मूळची मिर्झापूरची. अलीगढला सलाम पहिलवानाच्या हाताखाली तयार झाली आणि १९४०-५०च्या दशकांत देशभर पुरुष मल्लांशी कुस्त्या खेळली. उंची पाच फूट तीन इंच, वजन १०८ किलो. तिच्या खुराकाचे आकडे त्या वेळच्या वर्तमानपत्रांनी चवीने छापले : दिवसाला साडेपाच लिटरच्या आसपास दूध, कोंबडी, मटण, लोणी, बदाम, अंडी, बिर्याणी. नऊ तास झोप, सहा तास मेहनत. पुरुष मल्लाचा खुराक आपण कौतुकाने सांगतो. तिचा मात्र नवलाचा प्राणी पाहावा तसा छापला गेला. १९५४च्या फेब्रुवारीत तिने जाहीर करून टाकले की, जो मला हरवील त्याच्याशी मी लग्न करीन. त्यानंतर पतियाळाचा एक आणि कलकत्त्याचा एक, असे दोन नामांकित मल्ल तिने पाडले. मे महिन्यात ती बडोद्याला आली. बडोद्याचे जे वाचक हा अंक वाचत असतील त्यांच्या आजोबांपैकी कुणी त्या गर्दीत असेलही. तिथे बाबा पहिलवान तिच्यासमोर उभा राहिला आणि एक मिनिट चौतीस सेकंदांत आडवा झाला. चहाचा कप संपायला याहून जास्त वेळ लागतो.

आता आपल्या भागाकडे येऊ. कोल्हापूर! शाहू महाराजांनी १९१२ साली खासबाग मैदान बांधले ते कोल्हापूर; जिथल्या तालमींच्या मातीला आम्ही बेळगावकर आजही हात लावून नमस्कार करतो ते कोल्हापूर. तिथे हमीदा बानूने एका पंजाबी मल्लाला हरवले तेव्हा प्रेक्षकांनी तिची हुर्यो उडवली आणि दगड मारले. पोलिसांना मध्ये पडावे लागले. पुण्याला तर तिची रामचंद्र साळुंके यांच्याशी ठरलेली कुस्ती कुस्तीच्या संघटनेने हरकत घेतल्यामुळे रद्दच झाली. तिने तेव्हाचे मुंबई राज्याचे मुख्यमंत्री मोरारजी देसाई यांच्याकडे तक्रार केली. उत्तर आले की, बंदी तुम्ही बाई आहात म्हणून नाही, आयोजक खोटे मल्ल उभे करतात अशा तक्रारी आहेत म्हणून आहे.

हे उत्तर मला फार बोलके वाटते. ‘बाई म्हणून नाही’ हे पहिले वाक्य, आणि पुढे जो नियम येतो तो नेमका बाईलाच लागतो.

माझे एक जुने सहकारी, कुस्तीचे जाणकार, या मुद्द्यावर माझ्याशी नेहमी वाद घालतात. त्यांचे म्हणणे, ‘‘बाई, त्या नुरा कुस्त्या होत्या हो. ठरवून केलेल्या. लोक चिडले ते फसवणुकीवर.’’ ठीक आहे. काही कुस्त्या ठरवलेल्या असतीलही. मी त्यांच्यासाठी शपथ घ्यायला बसलेली नाही. पण त्याच काळात दारासिंग आणि किंगकाँग यांच्या फ्रीस्टाईल दंगली गावोगाव होत होत्या. त्यांत किती खरे आणि किती ठरवलेले, याची चौकशी करायला कुणी दगड घेऊन गेले होते काय? उलट लोक तिकिटे काढून, खांद्यावर पोरे घेऊन गेले. दारासिंग पुढे सिनेमात गेले, दूरदर्शनवर हनुमान झाले, २००३ साली राज्यसभेवर गेले. छानच झाले, मलाही तो माणूस आवडत असे. हमीदा बानू मात्र कल्याणला दूध विकून जगली आणि १९८६ साली वारली. मुंबईत १९५४ सालीच तिने व्हेरा चिस्टिलिन या रशियन बाईला एका मिनिटाच्या आत पाडले होते आणि युरोपला जाऊन खेळायचे ठरवले होते. तिच्या नातलगांनी पुढे सांगितले की, ती युरोपला जाऊ नये म्हणून सलाम पहिलवानाने तिचे हात मोडले. दगड मारणारे परके होते, असे समजून मन मोठे करता येईल. पण हात मोडणारा तिचा वस्ताद होता. ज्या मातीने घडवले तिनेच उंबरठा ओलांडू दिला नाही.

आणि हे लक्षात घ्या की, आज त्याच कोल्हापूरच्या कावळा नाक्यावर ताराराणीचा घोड्यावरचा पुतळा आहे. तलवार उगारलेली. त्याला कुणी दगड मारत नाही.

पुतळ्यांचा विषय निघाला म्हणून आमच्या घरचेही सांगते. कित्तूरच्या चन्नम्माचा जन्म काकतीचा. बेळगाव स्टँडवरून बस धरली तर तिकीट फाडेपर्यंत काकती येते. १८२४च्या ऑक्टोबरात तिच्या सैन्याने कलेक्टर थॅकरेला मारले. पुढे ती बैलहोंगलच्या किल्ल्यात इंग्रजांच्या कैदेत १८२९ साली वारली. तिच्यावर १९६१ साली पंतुलूंनी कन्नड चित्रपट काढला, बी. सरोजादेवींना घेऊन. चन्नम्माच्या नावाच्या चौकात आपण सगळेच, मराठी काय, कन्नड काय, रोज सिग्नलला थांबतो. पण त्या चौकापासून घोड्याने तासाभरात पोचता येईल अशा कुठल्याही गावी जाऊन एखाद्या बापाला म्हणा, ‘‘तुमची मुलगी अंगाने चांगली आहे, कुस्तीला पाठवा.’’ मी म्हणून पाहिले आहे. मराठी घरात उत्तर मिळाले : ‘‘पोरीच्या जातीला कशाला हो बाई कुस्ती?’’ पलीकडच्या गल्लीतल्या कन्नड घरात मिळाले : ‘‘हेण्णुमक्कळिगे याक्री कुस्ती?’’ शब्दशः तेच. पाट्यांच्या अक्षरांवरून, शाळेच्या माध्यमावरून, सातबारा कुठल्या भाषेत द्यावा यावरून आमची दोन्ही घरे साठ-सत्तर वर्षे भांडत आली, आणि एकमत झाले ते इथे!

पडद्यावर काही वेगळे आहे काय? पडद्याकडे मी मुद्दाम वळते, कारण तरुण मंडळींचा मला हाच आक्षेप असतो की, ‘‘मॅडम, जग बदलले, आता सिनेमात बायकाच मारामाऱ्या करतात.’’ आता? १९३५ साली ‘हंटरवाली’ आला. मेरी एव्हान्स नावाची, पर्थला जन्मलेली, लहानपणी मुंबईत आलेली, सर्कशीत काम केलेली मुलगी. वाडिया बंधूंनी या ‘नाडिया’ला नायिका केले. हा चित्रपट घ्यायला वितरक तयार होईनात. अर्ध्या चड्डीत चाबूक फिरवणारी बाई कोण बघणार म्हणून. शेवटी वाडियांनी स्वतःच तो लावला आणि पिटातल्या प्रेक्षकाने डोक्यावर घेतला. पुढच्या वर्षी ‘मिस फ्रंटियर मेल’मध्ये ती धावत्या आगगाडीच्या टपावर मारामारी करीत होती. डमी नाही. दोन-दोन गड्यांना खांद्यावर उचलत होती. प्रेक्षक बलवान बाई नाकारतो, हे वितरकाचे आणि व्यवस्थापकाचे नेहमीचे रडगाणे तिने तेव्हाच खोटे पाडले होते. मात्र एक गोष्ट आहे. ती गोरी होती, निळ्या डोळ्यांची होती. ती आपल्या घरातली नव्हती. तिच्यासारखे आपल्या मुलीने व्हावे अशी धास्ती पाहणाऱ्या बापाला नव्हती. म्हणून त्याने निर्धास्तपणे शिट्ट्या मारल्या.

आपल्या घरातलीला मात्र कारण लागते. १९३६ सालचा प्रभातचा ‘अमरज्योती’ आठवा. शांतारामबापूंनी दुर्गाबाई खोटे यांना समुद्री चाच्यांची राणी केले. काय रुबाब होता त्या सौदामिनीचा! आजही ती चित्रे पाहिली तर पाठ ताठ होते. पण सौदामिनी समुद्रावर का गेली? कायद्याने तिचे मूल तिला नाकारले म्हणून. मूल मिळाले असते तर ती राजवाड्यात अंगाई म्हणत बसली असती, असे चित्रपटच आपल्याला सुचवतो. तरीही प्रभातला शंभर नमस्कार. कारण पुढच्या पंचावन्न वर्षांत आपण कुठे पोचलो? ‘माहेरची साडी’ला. १९९१. अलका कुबल रडल्या आणि त्यांच्याबरोबर सगळा महाराष्ट्र रडला, सीमाभागही रडला. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या भरून बायका थिएटरवर येत होत्या. मी अश्रूंना हसत नाही, सासुरवास खोटा नव्हता. पण सोसणे हीच बाईची सगळ्यात मोठी कर्तबगारी, हा धडा आपण इतक्या मोठ्या आवाजात दुसऱ्या कुठल्या चित्रपटातून दिला नाही.

इथे दुभाषिक असण्याचा एक फायदा आमच्या बायकांना झाला, तो कुणी नोंदवत नाही म्हणून नोंदवते. मराठी पडदा रडत होता तेव्हा शेजारच्या थिएटरात मालाश्री होती. कन्नड चित्रपटात तिने नायकाला बाजूला सारून स्वतः मारामारीचे चित्रपट चालवले. ‘दुर्गी’ २००४ सालचा, ‘किरण बेदी’ २००९चा. हैदराबादच्या आपल्या बहिणींना विजयशांती सांगायला नको. ‘कर्तव्यम्’मधल्या पोलीस अधिकाऱ्याच्या भूमिकेसाठी तिला १९९० सालचा सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. माझ्या शाळेतल्या कबड्डीच्या मुली, घरी मराठी बोलणाऱ्या, मालाश्रीची लाथ कशी बसते ते एकमेकींना मैदानावर करून दाखवीत. मराठीत त्यांना तसे काही दाखवण्यासारखे नव्हते. मराठी अस्मितेच्या नावाने जे रोज छाती बडवतात त्यांनी या गोष्टीचा कधीतरी विचार करावा.

तथापि तिथेही अट होतीच. नायिकेच्या अंगात दुर्गा संचारते ती कुणी तरी मेल्यावर किंवा कुणाची तरी अब्रू गेल्यावर. पुरुष नायक नुसता बाजारातून चालला तरी दहाजणांना लोळवतो, त्याला कुणी कारण विचारत नाही.

आणि पडद्यामागचे? ‘शोले’तला बसंतीचा टांगा सगळ्यांना पाठ आहे. १९७५चा चित्रपट. तो उधळलेला टांगा हाकणारी हेमामालिनी नव्हे, रेश्मा पठाण नावाची मुलगी होती. त्या चित्रीकरणात टांगा उलटून तिला दुखापतही झाली. आपल्याकडे वर्षानुवर्षे नायिकेच्या अंगावरची मारामारी विग घातलेले पुरुष करीत. तिथे ही मुलगी घर चालवायला म्हणून या धंद्यात शिरली. तिच्या आयुष्यावर चित्रपट यायला २०१९ साल उजाडले. ज्या टांग्यासाठी आपण अर्धशतक टाळ्या वाजवल्या त्याचे लगाम खरोखर कुणाच्या हातात होते, हे विचारण्याची गरज आपल्याला वाटली नाही.

‘दंगल’बद्दल बोलले की लोक रागावतात. रागवा. २०१६ सालच्या त्या चित्रपटाने कितीतरी मुली तालमीत आणल्या हे मी स्वतः पाहिले. माझ्याकडेच त्या वर्षी चौकश्या वाढल्या. तरी माझा आक्षेप कायम आहे. गीता फोगाटने २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले. ती अंतिम कुस्ती खरे तर बरीच एकतर्फी होती. गीताने समोरच्या ऑस्ट्रेलियन मुलीला डोके वर काढू दिले नाही. चित्रपटाला ते पुरले नाही. त्याने कुस्ती शेवटच्या क्षणापर्यंत ताणली, बापाला एका खोलीत कोंडले, आणि मुलीला ऐन वेळी बापाचे शब्द आठवून जिंकवले. म्हणजे ज्या घटकेला ती मुलगी खऱ्या मॅटवर सर्वांत एकटी आणि सर्वांत समर्थ होती, नेमकी तीच घटका काढून बापाच्या खात्यात जमा केली! मेहनत बापानेही घेतली होती, कबूल. पण मुलाचा चित्रपट असता तर शेवटचा डाव त्याचा त्याला सुचला नसता काय?

आता खेळांकडे. इथे तरी नियम सगळ्यांना सारखे असतील अशी भाबडी समजूत असते. १९२८च्या ॲमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये बायका पहिल्यांदा ८०० मीटर धावल्या. शर्यतीनंतर काहीजणी दमून खाली बसल्या-पडल्या, वर्तमानपत्रांनी हाहाकार केला, आणि बायकांच्या शरीराला हे झेपत नाही असे ठरवून ती शर्यत पुढे १९६०पर्यंत ऑलिंपिकमधून गायब झाली. शर्यत संपल्यावर पुरुष आडवा पडला तर त्याने जीव तोडून धाव घेतली असे आपण म्हणतो. बायकांचे वजन उचलणे २००० साली सिडनीत सुरू झाले, आणि त्याच वर्षी आंध्रच्या कर्णम मल्लेश्वरीने कांस्यपदक घेतले. म्हणजे दार उघडायला जेवढा उशीर, तेवढाच उशीर होता. आत यायला आमच्या बाया तयारच उभ्या होत्या. कुस्ती २००४ साली आली, मुष्टियुद्ध २०१२ साली. लंडनला मेरी कोम लगेच पदक घेऊन आली, रिओला २०१६ साली साक्षी मलिक.

साता समुद्रापलीकडचे सोडा. महाराष्ट्र केसरी १९६१ साली सुरू झाली. महिलांची महाराष्ट्र केसरी सुरू झाली २०२३च्या मार्चमध्ये, सांगलीला. बासष्ट वर्षे! पहिली गदा सांगलीच्या प्रतीक्षा बागडीने कल्याणच्या वैष्णवी पाटीलला हरवून घेतली. ज्या कल्याणात हमीदा बानू दूध विकत होती त्याच कल्याणची मुलगी अंतिम फेरीत होती, हे वाचून मी वर्तमानपत्र थोडा वेळ तसेच मांडीवर ठेवले.

त्याच २०२३ साली दिल्लीत जंतरमंतरवर साक्षी आणि विनेश बसल्या होत्या. पदके मिळवलेल्या मुली लैंगिक छळाच्या तक्रारी घेऊन रस्त्यावर आल्या आणि मे महिन्यात पोलिसांनी त्यांना फरफटत गाडीत घातले. पदक आणा, मग तुम्ही देशाच्या लेकी, ही जी अट मी वर सांगितली तिचेही हे असे. पदक आणूनही तोंड उघडले की लेकपण रद्द. पुढच्याच वर्षी विनेशने पॅरिसला जपानच्या युई सुसाकीला हरवले, जिला तोवर परदेशी मल्लाने कधी हरवले नव्हते; आणि अंतिम फेरीच्या सकाळी १०० ग्रॅम वजन जास्त भरले म्हणून बाद झाली. नियम तो नियम, त्यावर माझे म्हणणे नाही. पण ज्यांनी वर्षभर तिला नावे ठेवली त्यांनीच त्या दिवशी गळे काढले, ते ऐकवत नव्हते.

दुसऱ्या बाजूने एक आक्षेप येतो तो सुशिक्षित बायकांकडूनच. ‘‘पुरुषासारखे दंड फुगवणे म्हणजेच मुक्ती का? हे तर पुरुषाचेच अनुकरण.’’ चहा पिता पिता हे वाक्य छान वाटते. अशा बहिणींनी आमच्या भागात गळिताच्या हंगामात यावे. उसाची मोळी डोक्यावर घेऊन, फळीवरून चढत, ट्रकवर टाकणारी बाई पाहावी. पोटात पाचवा महिना असला तरी ती चढते. तिला कुणी म्हणत नाही की, अगं, हे पुरुषी आहे, तुझ्या नाजूक देहाला झेपायचे नाही. विहिरीवरून दोन घागरी डोक्यावर आणि एक कमरेवर आणणाऱ्या माझ्या आईला कुणी म्हणाले नव्हते. बाईच्या अंगातले बळ आपल्याला हवेच असते, फक्त त्यावर टाळी पडू नये, तिकीट लागू नये आणि इनाम मिळू नये. मोळी उचलली तर घरचे काम, गडी उचलला तर थेर!

‘मुलींची हाडे राठ होतील’, ‘पुढे मूल होताना त्रास होईल’ वगैरे युक्तिवादांना मी उत्तर देत बसत नाही. माझ्या खेळाडू मुलींची पोरे आता माझ्या वर्गात बसून गेली.

तुरमुरीची गोष्ट मात्र सांगायलाच हवी, कारण ती आमची आहे. बेळगावपासून हाकेच्या अंतरावरचे गाव. तिथल्या शेतकऱ्याची मुलगी मलप्रभा जाधव. २०१८ साली जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत कुराश हा खेळ पहिल्यांदा आला. उझबेकिस्तानकडची ही जाकीट घालून खेळायची कुस्ती. उभ्यानेच समोरच्याला फेकायचे, जमिनीवरची झटापट नाही. त्यात ५२ किलो गटात मलप्रभाने कांस्यपदक मिळवले. पदक आले, गावात मिरवणूक झाली, दोन्ही भाषांत फलक लागले. त्या फलकांखालून जाताना मला वाटले, की कुराश हा शब्द त्या दिवसापूर्वी ज्यांनी ऐकला नव्हता ते सगळे आज तज्ज्ञ आहेत. पण तिच्या वयाच्या किती मुलींना या वर्षी गावच्या मैदानात सलामी देता येईल?

आमच्या मैदानांचे चित्र असे. जत्रेला कुस्त्या असतात. गावाचे नाव सांगत नाही, कारण सगळीकडे तेच आहे. पत्रकावर नेमलेल्या मोठ्या कुस्त्या वर, मल्लांच्या फोटोंसकट, रकमांसकट. तळाला एक ओळ : ‘खास आकर्षण – महिलांच्या कुस्त्या’. फोटो नाही, नाव नाही, रक्कम नाही. मुलींच्या जोडी लागतात दुपारी दोनला. फडात ऊन, माती तापलेली, हलगीवाला जेवायला गेलेला, पाहुणे अजून यायचे. संध्याकाळी दिवे लागले, पाहुणे आले, फेटे बांधले की ‘खऱ्या’ कुस्त्या सुरू. एकदा माझी मुलगी अकरा मिनिटे झुंजून निकाली कुस्ती जिंकली. तिला स्टीलचा डबा मिळाला, पोळ्या ठेवायचा. तिच्या वयाच्या मुलाला, ज्याची कुस्ती बरोबरीत सोडवली होती, रोख रक्कम आणि फेटा. मी पंचांना विचारले. ते म्हणाले, ‘‘बाई, संसाराला उपयोगी पडेल म्हणून डबा दिला.’’ त्यांच्या चेहऱ्यावर जरासुद्धा वाईट हेतू नव्हता, हेच तर दुखणे आहे. तो डबा तिच्या आईने आजही वापरात ठेवला आहे.

सिनेमाने काय दाखवावे हे माझ्या हातात नाही. ऑलिंपिकचे तर नाहीच. जत्रेचे मैदान मात्र आपल्या हातातले आहे. वर्गणी आपली, पंच आपले, पत्रक आपल्याच गल्लीतल्या छापखान्यात छापलेले. म्हणून या दिवाळीपूर्वी मी आसपासच्या सात गावांच्या कुस्ती कमिट्यांना पत्रे घातली. चार मराठीत, तीन कन्नडमध्ये. मागणी साधी केली : मुलींची एक कुस्ती दिवे लागल्यावर, क्रमांक दोनला लावा; पत्रकावर तिचे नाव, फोटो आणि रक्कम छापा; रक्कम पुरुषांच्या क्रमांक दोनइतकी द्या; आणि हलगीवाल्याला जेवायला आधी सोडा.

पाच कमिट्यांनी उत्तर दिले नाही. एकाने, मराठी गावच्या, निरोप पाठवला की पुढल्या वर्षी बघू, यंदा बजेट कमी आहे. सातव्या कमिटीचे, जे कन्नड गाव आहे, अध्यक्ष स्वतः घरी आले. चहा घेतला, बराच वेळ पाऊसपाण्याचे बोलले, आणि उठता उठता विचारले, ‘‘टीचर, जोड कोण लावता? काटा जोड पाहिजे, नाहीतर लोक हसतात.’’ मी त्यांना चार मुलींची वजने कागदावर लिहून दिली आहेत : ५३, ५५, ५५ आणि ५९. त्यातल्या पंचावन्नच्या दोघी एकमेकींना अजून एकदाही पाडू शकलेल्या नाहीत. कार्तिकी झाल्यावर त्या गावची जत्रा आहे.